रिळावर पैसे घालण्याआधी मासा कुठला ते ठरवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्लाय फिशिंगवर, म्हणजे पिसांच्या खोट्या माशीने मासे पकडण्यावर, लेख आला होता, तो मी इथे डेन्व्हरला बसून वाचला. मराठी पेपरात या छंदाबद्दल कुणीतरी एवढं सविस्तर लिहितंय हे बघून फार बरं वाटलं, आणि हिमाचल-काश्मीरकडे जाणारी आपली बरीच तरुण मंडळी आता ट्रेकिंगच्या सामानात रॉडही घेऊन जातात हेही त्यातूनच कळलं. पण त्या लेखातल्या एका सल्ल्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. नवीन माणसाने बजेटचा सगळ्यात मोठा वाटा रिळावर घालावा आणि रीळ निवडताना ड्रॅगचा, म्हणजे पळणाऱ्या माशाला रोखणाऱ्या रिळातल्या ब्रेकचा, आकडा जितका मोठा तितकं चांगलं असं त्यात म्हटलंय. हे वाचून एखादा मुलगा पगारातले साठवलेले पैसे काढून महागडं रीळ मागवेल, मग लाईनसाठी पैसे उरले नाहीत म्हणून कसलीतरी स्वस्तातली लाईन त्यावर भरेल, हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या काठावर उभा राहील आणि त्याची फ्लाय काही केल्या पाण्यापर्यंत जाणार नाही. त्याला वाटेल आपल्याला हे जमत नाही. तसं होऊ नये म्हणून हे पत्र, जरा लांबलंय पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

मी मूळचा मालवण तालुक्यातला, भोसरी एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये बरीच वर्षं टर्निंग-मिलिंगमध्ये काढली आणि आता नोकरीनिमित्त कोलोराडोत असतो. त्यामुळे रीळ हातात आलं की मी ते आधी मशीनवाल्याच्या नजरेने बघतो, रनआऊट म्हणजे फिरताना डगमगणं किती, फिनिश कशी, बेअरिंग कुठलं, आणि मग मासे पकडणाऱ्याच्या. दोन्ही नजरांनी बघून जे पक्कं झालंय तेच लिहितोय.

आधी हे समजून घ्यायला हवं की या प्रकारात रीळ नक्की करतं काय. साध्या स्पिनिंग रॉडला पुढे वजनदार ल्युअर म्हणजे खोटं आमिष असतो, तो फेकला की त्याच्या वजनाने दोरा रिळावरून सुटत जातो, म्हणजे तिथे रीळ फेकण्याच्या कामातच असतं. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळलेला बारीकसा हुक, त्याला वजनच नाही, तो फेकणार कसा? म्हणून इथे वजन लाईनला दिलेलं असतं. जाड कोटिंगची लाईन, साधारण ९० फूट लांब, ती रॉडने मागे-पुढे हवेत उडवायची आणि ती आपल्या वजनाने फ्लायला ओढत नेते. लाईनचे नंबर असतात ते याच वजनाचे, पुढचे ३० फूट तोलायचे, ५ नंबर असेल तर १४० ग्रेन म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, ८ नंबर असेल तर २१० ग्रेन म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. रॉडवर लिहिलेला नंबर आणि लाईनचा नंबर जुळला पाहिजे आणि रीळ त्या नंबरची लाईन मावेल असं पाहिजे, एवढंच. फेकताना रीळ नुसतं खाली लटकलेलं असतं, लाईन आपण हाताने ओढून काढतो. म्हणजे तुमचं कास्टिंग चांगलं की वाईट यात रिळाचा हात जवळजवळ नाहीच, लाईनचा आणि रॉडचा आहे आणि सगळ्यात जास्त तुमच्या मनगटाचा.

म्हणून माझा क्रम असा की पहिले पैसे चांगल्या लाईनला, इथे चांगली लाईन ८० ते १३० डॉलरला येते आणि ती खरंच तेवढ्या लायकीची असते. मग रॉड. मग जमलं तर एखाद्या जाणत्या माणसाबरोबर एक-दोन दिवस कास्टिंग शिकणं, नदीवरच पाहिजे असं नाही, मोकळं मैदान असलं तरी चालतं, लाईनच्या टोकाला रंगीत लोकरीचा तुकडा बांधायचा आणि सराव करायचा. आणि मग रीळ. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी ५ नंबरचं साधं, नीट बनवलेलं रीळ इथे १०० ते १५० डॉलरच्या आसपास मिळतं आणि ते नीट वापरलं तर पुढची कित्येक वर्षं पुरतं.

आता उदाहरण देतो म्हणजे ड्रॅगच्या आकड्याबद्दल मी एवढं का बोलतोय ते कळेल. डेन्व्हरपासून गाडीने जाऊन येण्यासारख्या अंतरावर साउथ प्लॅट नदी आहे, तिथे चीझमन कॅन्यन आणि खाली डेकर्स म्हणून जागा आहे, ट्राउटसाठी अमेरिकाभर नावाजलेली. वर धरण आहे त्यामुळे पाणी थंड आणि काचेसारखं स्वच्छ, ब्राऊन आणि रेनबो ट्राउट दोन्ही आहेत, आणि मासे इतके शहाणे झालेले की जाड दोरा दिसला की बाजूला सरकतात. तिथे २०-२२ नंबरच्या बारीक बारीक फ्लाय चालतात, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, आणि त्या बांधायला टिपेट, म्हणजे फ्लायला लागून असलेला शेवटचा बारीक दोरा, लागतं ६एक्स. ६एक्स म्हणजे जाडी ०.००५ इंच, मिलिमीटरमध्ये ०.१३ च्या आत, आणि तुटायची ताकद दीड किलोच्या आसपास. बरं, ड्रॅग लावायचा तो तुटायच्या ताकदीच्या चौथाई-तिहाई. म्हणजे तुम्ही वापरणार अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी. मग रिळाच्या डब्यावर २० पौंड म्हणजे ९ किलो ड्रॅग असं लिहिलंय त्याचं तुम्ही करणार काय? तेवढा ड्रॅग लावला तर दोरा आधीच तुटलेला असेल. तो आकडा समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी आहे, ट्राउटवाल्याला त्याचा काहीएक उपयोग नाही.

ट्राउटवाल्याला उपयोग आहे तो ड्रॅग सुरू कसा होतो याचा. ब्रेकच्या चकत्या एकमेकींना चिकटून स्थिर असतात तेव्हा त्यांना हलवायला लागणारा जोर हा त्या फिरायला लागल्यावर लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो, बंद पडलेली गाडी ढकलताना पहिला रेटा जास्त लागतो तसंच. मासा एकदम वळून पळाला की तो पहिला झटका सगळा त्या बारीक टिपेटवर येतो आणि रीळ हलायच्या आधी दोरा जातो. चांगल्या रिळात हा फरक इतका कमी असतो की जाणवत नाही, खराब रिळात झटका बोटांना कळतो. आणि हे कुठल्याही जाहिरातीत आकड्यात लिहिलेलं नसतं, दुकानात हातानेच बघावं लागतं. रिळावर थोडा दोरा असेल तर तो अगदी सावकाश ओढा, ड्रॅग कमीत कमीवर ठेवून, आणि बोटाला बघा की सुरुवात अडखळत होते की लोण्यासारखी. मग थोडा ड्रॅग वाढवा, परत तेच. मग ड्रॅग पूर्ण सैल करून जोरात एक हिसका द्या आणि सोडा, स्पूल म्हणजे दोरा गुंडाळायचं चाक नुसतं गरगर फिरत राहिलं आणि दोऱ्याचा गुंता झाला तर ते रीळ नको, कारण नदीवर हे रोज होणार. हँडल उलट-सुलट हलवून बघा मधे किती ढिलाई आहे. स्पूल आणि फ्रेमच्या मधली फट डोळ्यासमोर धरून बघा, सगळीकडे सारखी आहे का, फिरवल्यावर कमी-जास्त होते का, कारण त्या फटीत लीडर, म्हणजे लाईन आणि फ्लायच्या मधला बारीक दोरा, घुसला की ऐन वेळी अडकतो आणि कापलाही जातो. माझ्या मते एवढं तपासलं की ऐंशी टक्के काम झालं, ब्रँड मग कुठलाही असो.

माझे मामा आचऱ्याच्या खाडीत गरवायचे, रॉड नाही रीळ नाही, नुसती दोरी लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली आणि पुढे गरी. तांबोशी लागली की दोरी तर्जनीवरून सोडत जायचे, मासा ओढतोय तोपर्यंत सोडायची, थांबला की घ्यायची, बोट किती दाबायचं ते त्यांना बरोबर कळायचं. रिळाच्या आतल्या चकत्या हेच बोटाचं काम करतात. म्हणून कोकणातल्या ज्यांनी लहानपणी हाताने गरवलंय त्यांना मी खात्रीने सांगतो की ड्रॅग म्हणजे काय हे तुम्हाला आधीच माहीत आहे, दुकानदाराने कितीही तांत्रिक शब्द टाकले तरी घाबरू नका. ट्राउटच्या वेळी तर बहुतेक मासे आपण रिळावर घेतच नाही, डाव्या हाताने लाईन ओढून घेतो आणि उजव्या हाताच्या बोटाखाली ती दाबून धरतो, तोच ब्रेक. मोठा मासा पळाला तरच जास्तीची लाईन संपते आणि रीळ फिरायला लागतं. बऱ्याच रिळांची कड उघडी असते ती त्यासाठीच, तळहात हलकेच लावायचा आणि गरजेप्रमाणे वेग कमी करायचा.

लेखात लार्ज आर्बरबद्दल एक ओळ होती पण ते का घ्यायचं हे नव्हतं, आणि माझ्या दृष्टीने पैसे देण्यासारखी गोष्ट असेल तर ती हीच. आर्बर म्हणजे स्पुलाच्या मधला दंडगोल ज्याच्यावर दोरा गुंडाळला जातो. जुन्या रिळांत तो बारीक असायचा. फ्लाय रिळात गिअर नसतात, हँडलचा एक फेरा म्हणजे स्पुलाचा एक फेरा, त्यामुळे व्यास मोठा तर एका फेऱ्यात दोरा जास्त. समजा भरलेल्या रिळाचा व्यास ९ सेंटिमीटर आहे, एका फेऱ्यात २८ सेंटिमीटर दोरा येतो. मासा दोरा घेऊन लांब पळाला आणि बारीक आर्बरच्या रिळावरचा व्यास ५ सेंटिमीटरवर आला, तर एका फेऱ्यात १६ च सेंटिमीटर. म्हणजे ३० मीटर लाईन गोळा करायला एका बाजूला शंभर-सव्वाशे फेरे आणि दुसऱ्या बाजूला पावणेदोनशेच्या पुढे, आणि मासा तुमच्याकडे वळून पळत येत असेल तर तेवढ्यात दोरा ढिला पडून हुक सुटलेला असतो. पण याच्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे जी फार कमी लोक सांगतात. ब्रेक मधल्या शाफ्टवर असतो, त्याचा टॉर्क तेवढाच राहतो, पण दोरा जिथून सुटतो ती त्रिज्या कमी होत गेली की दोऱ्यावरचा ताण त्या प्रमाणात वाढतो. भरलेल्या रिळावर अर्धा किलोला लावलेला ड्रॅग ५ सेंटिमीटर व्यासाला ९०० ग्रॅमवर जातो, तुम्ही नॉबला हातही लावलेला नसताना. मासा जितका लांब पळेल तितका ब्रेक आपोआप घट्ट, आणि नेमकं तेव्हाच तो सैल हवा असतो कारण पाण्यात असलेल्या एवढ्या लाईनचाही ओढा असतो. आर्बर मोठा असला की व्यास फारसा कमी होत नाही आणि ही भानगड बरीच आटोक्यात राहते. शिवाय लाईन मोठ्या वेढ्यात राहिल्यामुळे काढल्यावर स्प्रिंगसारखी वळत नाही. तोटा एकच की बॅकिंग, म्हणजे लाईनच्या मागे रिळावर भरायचा जादा दोरा, कमी मावतं, पण ट्राउटला १०० यार्ड २० पौंडी डॅक्रॉनचा (पॉलिएस्टरचा) दोरा पुरेसा होतो, तोही क्वचितच बाहेर येतो.

ब्रेकचे प्रकार दोनच समजा. एक क्लिक-पॉल, आत दातेरी चाक आणि स्प्रिंगवर एक खटका म्हणजे पॉल, फिरलं की कर्र आवाज. इंग्लंडमधल्या अ‍ॅनिकच्या हार्डी कंपनीचं परफेक्ट नावाचं रीळ १८९१ साली आलं, त्याच्या आधी १८७४ साली अमेरिकेत व्हरमाँटच्या चार्ल्स ऑर्व्हिसने भोकं पाडलेल्या अरुंद रिळाचं पेटंट घेतलं होतं, त्या भोकांनी वजन कमी होतं आणि ओला दोरा वाळतो, आजच्या रिळांवर जी नक्षीसारखी भोकं दिसतात त्याचं मूळ तिथे आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांत मूळ यंत्र फारसं बदललेलं नाही हे बघून मला मशीनवाला म्हणून त्या लोकांबद्दल आदर वाटतो. क्लिक-पॉल हलकं, दुरुस्तीला सोपं, आत बिघडण्यासारखं काही नाही, आणि लहान ओढ्यातल्या ट्राउटला पूर्ण पुरतं. दुसरा डिस्क ड्रॅग, आत कार्बन, टेफ्लॉन, स्टील नाहीतर कॉर्कच्या चकत्या. त्यात हल्ली सील्ड म्हणजे बंद डब्यातले ब्रेक येतात, पाणी आणि वाळू आत जात नाही. बर्फ वितळून येणाऱ्या नद्यांच्या पाण्यात बारीक गाळ असतो, तेव्हा हिमालयात जाणाऱ्याने डिस्क ड्रॅग घ्यायचा असेल तर सील्ड बरा असं मला वाटतं. घरी आल्यावर मात्र ड्रॅग सैल करून ठेवा, कुठल्याही रिळाचा, दाबून ठेवलेल्या चकत्या हळूहळू बसतात.

रीळ ओतलेलं (कास्ट) की कोरलेलं (मशीन्ड) यावर तर मी दिवसभर बोलू शकतो. स्वस्त रीळ साच्यात ओतलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, महाग रीळ ६०६१-टी६ या जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सळईतून कोरून काढलेलं, म्हणजे जाड गोल तुकडा घेऊन त्याचा बहुतेक भाग चिप्स म्हणून टाकून द्यायचा. कोरलेलं जास्त मजबूत, भिंती पातळ ठेवता येतात म्हणून हलकं, आणि मापं जास्त अचूक. ओतलेलं दगडावर पडलं तर कड तडकू शकते, कोरलेलं वाकेल पण बहुधा तुटणार नाही. हा फरक खरा आहे, पण नदीवर मासा पकडताना तो किती जाणवतो विचाराल तर फार कमी. चांगल्या ओतीव बॉडीवर नीट मशीनिंग करून चांगला ब्रेक बसवला तर ते रीळ ट्राउटला उत्तम चालतं, आयडाहोच्या लॅमसनने ओतीव बॉडीत सील्ड शंकूच्या आकाराचा ब्रेक देऊन हे करून दाखवलंय. आमच्या कोलोराडोतच माँट्रोज गावात रॉस आणि एबल ही दोन्ही रिळं बनतात, एबलची काही रिळं हजार डॉलरच्या घरात जातात, त्यावर माशांच्या अंगावरच्या ठिपक्यांसारखं हाताने केलेलं काम असतं आणि ते बघत राहावं इतकं सुंदर असतं. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं, सुंदर वस्तू वापरण्यात आनंद आहेच. फक्त पहिलं रीळ घेणाऱ्याला ते गरजेचं आहे असं सांगू नका.

आणि रीळ लागतंच असंही नाही हे लेखात यायला हवं होतं. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर तेन्कारा म्हणून जुनी पद्धत आहे, लांब लवचिक काठी, तिच्या टोकाला ठरावीक लांबीचा दोरा, आणि फ्लाय. रीळच नाही. ज्याला लहान ओढ्यांवरच जायचंय आणि खिसा हलका आहे त्याने यापासून सुरुवात केली तर काहीही बिघडत नाही, उलट फ्लाय पाण्यावर कशी पडायला हवी हे लवकर कळतं.

आता रीळ खरंच महत्त्वाचं कधी? मासा पळणारा असला की. उत्तराखंडात रामगंगेला, नेपाळच्या सीमेवर महाकालीला गोल्डन महसीर आहे, तो लागला की जोरदार प्रवाहात सरळ खाली धावतो आणि लाईन संपून बॅकिंग सुरू होतं, तिथे ८-९ नंबरचा रॉड, १५०-२०० यार्ड ३० पौंडी बॅकिंग, आणि तापला तरी सारखाच धरणारा डिस्क ब्रेक पाहिजे. तिथे रिळावर पैसे घाला, लाज वाटू देऊ नका, कारण प्रश्न फक्त तुमच्या माशाचा नाही. नाजूक सामानावर मासा अर्धा-अर्धा तास खेळवत ठेवला तर तो पूर्ण दमतो आणि सोडल्यावर पोहत गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो. चांगला ब्रेक म्हणजे जेवढा दोरा सहन करेल तेवढा ताण सतत देता येणं, म्हणजे मासा लवकर हातात आणि लवकर परत पाण्यात. ट्राउटलाही हे लागू आहे, इथे पाण्याचं तापमान २० अंशांच्या पुढे गेलं की जाणकार लोक काठीच बाहेर काढत नाहीत, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी आणि दमलेला ट्राउट सावरत नाही. महसीर तर आपल्याकडे आधीच अडचणीत आहे, कावेरीतला कुबड्या महसीर २०१८ पासून जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

महसीर म्हटलं की लोकांना हिमालय आठवतो, पण दख्खनचा महसीर आपला आहे. कर्नल साइक्सने १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, आज त्या नदीची अवस्था पुणेकरांना मी सांगायला नको. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांनी १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवायचं काम चालवलंय, त्यावर आपल्या पुरवणीने एखादा लेख केला तर मी तो आवडीने वाचेन. रॉड-रिळाच्या चर्चेपेक्षा तो जास्त गरजेचा आहे.

कोकण आणि गोव्याच्या खाड्यांतही आता काही जण फ्लाय टाकायला लागलेत, जिताडा आणि तांबोशीसाठी. तांबोशी लागल्या लागल्या मुळांत नाहीतर खडकात घुसते, त्यामुळे तिथे लांब पळणाऱ्या माशासारखं बॅकिंग लागत नाही पण पहिल्या क्षणाला घट्ट धरणारा ब्रेक लागतो. आणि खारं पाणी हा रिळाचा सगळ्यात मोठा शत्रू. साधं पातळ अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर, ओरखडलं की आतलं अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून खायला लागतं, स्टीलचा स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियमची बॉडी जिथे भेटते तिथे सगळ्यात आधी. खाडीसाठी घेत असाल तर हार्ड अ‍ॅनोडाइज्ड आणि सील्डच घ्या, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याखाली धरून धुवा, जोरात फवारा मारू नका कारण त्याने मीठ आत ढकललं जातं, स्पूल काढून सावलीत वाळवा.

काश्मीरचं थोडं लिहितो कारण आपल्याकडचे बहुतेक जण तिथेच जाणार. १९०० साली स्कॉटलंडहून ब्राऊन ट्राउटची अंडी तिथे पोचली आणि हारवनला वाढवली गेली, कुलूकडे १९०९ साली सुरुवात झाली, आज लिद्दर, सिंध, ब्रिंगी, इकडे तीर्थन या सगळ्या नद्यांत ट्राउट आहे. मत्स्य खात्याचं परमिट लागतं, नदीचे भाग ठरवून दिलेले असतात, थंडीत मासे अंडी घालतात तेव्हा बंदी असते. या पाण्यांना ४ किंवा ५ नंबरचं रीळ, क्लिक-पॉल किंवा साधा डिस्क, बस झालं. जास्तीचे पैसे उरले तर एक जादा स्पूल घ्या, त्यावर बुडणारी लाईन भरून ठेवा. रीळ घ्यायच्या आधीच विचारा की जादा स्पूल आणि सुटे भाग मिळतात का आणि पुढेही मिळणार आहेत का, कारण परदेशातून मागवलेल्या रिळाचा एक स्प्रिंग तुटला की भारतात बसून तो मिळवणं कठीण जातं. याच कारणासाठी जुनं फ्लूगर मेडलिस्टसारखं साधं रीळ कुणी नातेवाईक अमेरिकेहून आणून देत असेल तर बिनधास्त घ्या, त्यात न समजण्यासारखं काहीच नाही.

आणि हे लिहिताना सारखं मनात येतं ते सांगतोच. फ्लाय रिळात आहे काय? एक फ्रेम, एक स्पूल, एक शाफ्ट, दोन बेअरिंग नाहीतर बुश, एक एका बाजूला फिरणारा क्लच, काही चकत्या, एक नॉब, एक हँडल. ६०६१ आपल्याकडे मिळतं, अ‍ॅनोडायझिंग पिंपरी-चिंचवडला होतं, आणि याच्यापेक्षा कितीतरी अवघड पार्ट भोसरी-चाकणची लहान लहान वर्कशॉप रोज बनवून गाड्यांच्या कंपन्यांना देतात. ती मापं, ती फिनिश आपल्या पोरांच्या हातात आहे. मंदीत मशीन रिकामी उभी असतात तेव्हा एखाद्या शॉपने मासेमारीची आवड असलेल्या चार जणांना बरोबर घेऊन हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं. ५ नंबरचं एक साधं क्लिक-पॉल रीळ, पुण्यात बनलेलं, सुटे भाग पुण्यातच मिळणारं. मला ड्रॉइंग काढायला आवडेल आणि त्याचे पैसे नकोत.

तेव्हा संपादक साहेब, विनंती एवढीच की लेखाचा पुढचा भाग छापणार असाल तर त्यात आधी मासा, मग पाणी, मग लाईन आणि शेवटी रीळ या क्रमाने माहिती द्या, परमिट कुठे मिळतं आणि बंदीचा काळ कुठला ते चौकटीत द्या, आणि ड्रॅगच्या आकड्याचं ते वाक्य दुरुस्त करा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
डेन्व्हर, कोलोराडो

ता. क. : डावं-उजवं लेखात राहिलंय. उजव्या हाताने कास्ट करणाऱ्याने हँडल डाव्या बाजूला येईल असंच रीळ लावून घ्यावं म्हणजे मासा लागल्यावर रॉडचा हात बदलावा लागत नाही. हल्लीच्या बहुतेक रिळांत आतला क्लच काढून उलटा बसवला की बाजू बदलते, पाच मिनिटांचं काम आहे, पण ते बॅकिंग भरायच्या आधी करा, नाहीतर सगळा दोरा उलटा गुंडाळलेला निघतो आणि परत सोडून भरावा लागतो.